निरागस म्हणजे अजाण नव्हे

कुमारवयातल्या नायकाची एखादी कादंबरी गाजली, तसा चित्रपट आला किंवा शाळेच्या ग्रंथालयाच्या यादीत जरा ‘धाडसी’ पुस्तक शिरलं, की ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, मृत्यू, लैंगिकता, जात, दारुडा बाप हे सगळं पोरांपुढे मांडून तुम्ही त्यांची निरागसता हिरावून घेता आहात. दुसरी म्हणते, निरागसता वगैरे थोतांड आहे, मुलं मोबाइलवर याच्या दसपट बघतात, त्यांना वास्तव दाखवा. दोघांचं भांडण कितीही कडाक्याचं असलं तरी मोजपट्टी एकच असते, पुस्तकात काय काय ‘आहे’ त्याची यादी. यादी लांबली की एक घाबरतो आणि दुसरा टाळ्या वाजवतो. वाण्याच्या सामानाची यादी अशी तपासावी, कादंबरी नव्हे. या रीतीनं तपासलं तर ‘श्यामची आई’सुद्धा हातात देता येणार नाही. कर्जात बुडत गेलेलं घर आहे, मुलाला शिमटीनं मारणारी आई आहे, सावकाराचा माणूस दारात येऊन त्याच आईला नाही नाही ते बोलतो ती ‘अब्रूचे धिंडवडे’ नावाची रात्र आहे, आणि शेवटी आईचं मरण आहे. तरी चार पिढ्यांनी ते पुस्तक मुलांच्या हातात बिनघोर दिलं.

या वादाचा गुंता शब्दापासूनच सुरू होतो. ‘निरागस’ची फोड निर् अधिक आगस्. संस्कृतात आगस् म्हणजे अपराध, पाप. म्हणजे निरागस तो, ज्याच्या हातून अपराध घडलेला नाही. त्याला काय माहीत आहे आणि काय नाही, याबद्दल हा शब्द अवाक्षर काढत नाही. इंग्रजीत या जागी जो शब्द आहे त्याचं लॅटिन मूळही ‘इजा न करणारा’ असंच आहे. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी आपल्याकडे वेगळा शब्द आहेच, अजाण. ‘कळत्या वयाचा झाला’ असं आपण कौतुकानं म्हणतो, कळणं हा काही डाग मानत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की वयात येण्याच्या कथेत अजाणपण जातं ते जायलाच हवं, त्यावर सुतक पाळायचं कारण नाही. निरागसता जाते ती वेगळ्या क्षणी, म्हणजे त्या मुलाच्या स्वतःच्या हातून काही घडतं तेव्हा, किंवा दुसऱ्याच्या अपराधात त्याला सामील करून घेतलं जातं तेव्हा. चांगली कादंबरी या दुसऱ्या क्षणाभोवती फिरते. सुमार कादंबरी पहिल्या क्षणाचाच सोहळा करत बसते.

‘पथेर पांचाली’ चित्रपट (१९५५) आठवा. अपूची बहीण दुर्गा मरते तेव्हा प्रेक्षक रडतो. पण अपू मोठा होतो तो त्यानंतर, सामान आवरताना. शेजारच्या घरातून माळ चोरल्याचा आळ दुर्गावर आला होता आणि तिनं तो नाकारला होता. तीच माळ अपूच्या हाती लागते. तो कुणाला हाक मारत नाही, धावत जाऊन ती तळ्यात टाकतो. पाण्यावरचं शेवाळ क्षणभर दुभंगतं आणि हळूहळू मिटतं. मरण त्यानं आधीच पाहिलेलं आहे, आत्याबाईंचंही आणि बहिणीचंही. ज्ञानात भर पडलेली नाही. भर पडली आहे ती एका गुपिताची, जे आता त्यालाच जपायचं आहे. बहिणीची चोरी लपवून तो तिच्या अपराधात वाटेकरी होतो आणि हे तो प्रेमापोटी करतो. त्या एका कृतीत नीतीची जी गुंतागुंत आहे ती दहा मृत्यू दाखवून आली नसती.

विल्यम गोल्डिंगच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’चं (१९५४) नाव या चर्चेत हमखास निघतं आणि हमखास चुकीच्या कारणासाठी. मुलं बेटावर अडकतात, रानटी होतात, म्हणून निरागसता संपते असा त्याचा सारांश सांगतात. पण शेवटी राल्फ रडतो तो काय पाहिलं म्हणून? सायमनला मारणाऱ्या घोळक्यात तो स्वतः होता. दुसऱ्या दिवशी तो त्याला खून म्हणतो आणि पिगी म्हणतो, छे, तो अपघात होता. कादंबरीचा कणा त्या दोन वाक्यांमध्ये आहे. केलेल्याला नाव देणारा एक आणि नाव टाळणारा एक. आणि मुलांना सोडवायला आलेला, त्यांच्या वागण्यानं खंतावलेला अधिकारी युद्धनौकेवरून उतरलेला असतो, हेही लेखक विसरू देत नाही.

हे परक्या मुलखातलं झालं. आपल्याकडे हाच गोंधळ एकदा फार मोठ्या प्रमाणावर झाला होता. १८९० आणि ९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्र पेटला. बंगालमध्ये फुलमणी दासी ही कोवळी मुलगी नवऱ्याच्या बळजबरीनं मेली होती. १९ मार्च १८९१ रोजी कायदा झाला आणि संमतीचं वय दहावरून बारा झालं. वाद कशावर झाला? गर्भाधानाचं शास्त्र काय सांगतं, परक्या सरकारनं आमच्या घरात हात घालावा का, सुधारणा आतून व्हावी की वरून. टिळकांचा सरकारी हस्तक्षेपाला असलेला विरोध हा मुद्दा म्हणून हलका नव्हता, हे मान्य करायला हवं. पण शेकडो सभांत आणि रकानेच्या रकाने मजकुरात एक आवाज नव्हता, त्या दहा वर्षांच्या मुलीचा. नेमक्या त्याच दिवसांत हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकात त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली आणि १८९३ पर्यंत चालली. आपटे तेव्हा पंचविशीतले. त्यांनी काय केलं, तर नायिकेला, यमूला, स्वतः बोलू दिलं. बाहुलीचं लग्न, स्वतःचं लग्न, सासर, वैधव्य आणि शंकरमामंजींनी बळजबरीनं करवलेलं केशवपन, सगळं तिच्या तोंडून. मराठीतली ही पहिली मोठी सामाजिक कादंबरी म्हणजे वयात येण्याचीच कथा आहे. तिथे यमूला एकेक गोष्ट कळत जाते, पण ती पहिल्या पानाइतकीच शेवटच्या पानावरही निरागस असते. आगस् आहे ते मामंजींचं, आणि बघ्यांचं. बालपणावर तावातावानं बोलणारे मोठे आणि गप्प बसवलेलं मूल ही मांडणी आजच्या वादातही जशीच्या तशी आहे.

आता विरोधी मुद्दे. त्यातला पहिला पालकांचा आहे आणि तो टर उडवण्यासारखा नाही. अजाणपण ही मुलाची एका वयातली गरज असते. सहा-सात वर्षांच्या मुलाला मरणाची, शेवट मोकळा ठेवलेली गोष्ट सांगितली तर त्याला तो शेवट गूढ वाटत नाही, आईबाप मरू शकतात एवढंच कळतं आणि रात्री झोप लागत नाही. त्याला पुस्तक मिटता येत नाही, कारण वाचून दाखवणारा मोठा माणूस असतो. चित्रपटांच्या प्रमाणपत्रात आता यूए ७+, १३+ आणि १६+ असे टप्पे आले तेही या गरजेपोटी. टप्पे असावेत. पण टप्पा म्हणजे विषयावरची बंदी नव्हे, आणि ज्या कादंबऱ्यांवर ओरड होते त्यांतल्या बऱ्याच लहान मुलांसाठी लिहिलेल्याच नसतात. मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ (२००४) नववीतल्या पोरांची आहे म्हणून ती नववीतल्या पोरांसाठीच आहे असं थोडंच आहे? ती पोरं वाचतात हा भाग वेगळा, आणि वाचून त्यांचं काही बिघडल्याचं दिसत नाही. पुस्तक मुलाच्या हाती द्यावं की नाही हे ठरवायला विषयांच्या यादीपेक्षा तीन जागा तपासणं उपयोगाचं आहे. नायक पहिलं खोटं कुठे बोलतो किंवा पहिली चूक कुठे करतो, ती कुणाला कळते, आणि कळल्यावर पुस्तकातला मोठा माणूस काय करतो. ‘श्यामची आई’त ‘मोठा होण्यासाठी चोरी’ नावाची एक रात्रच आहे. पुस्तकं वाचून थोर व्हायचं म्हणून मुलगा पैसे चोरतो आणि ही गोष्ट आईपर्यंत जाते. त्या पुस्तकाचा धाक मुलांना का वाटत नाही याचं उत्तर इथे आहे. चूक झाल्यावर जायला जागा आहे. ‘शाळा’त ती जागा जवळपास नाही, असलाच तर एक नरूमामा. म्हणून ती आठ वर्षांच्या पोराला देऊ नये आणि पंधरा वर्षांच्याला जरूर द्यावी. ‘लाइन’ आणि ‘इचिभना’ हे पोरांच्या तोंडचे शब्द त्यात आहेत की नाहीत, याचा या निर्णयाशी काहीएक संबंध नाही.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. निरागसतेची ही सगळी चर्चा वाड्यातल्या, ब्लॉकमधल्या पोरांची आहे. ज्यांना पाटीपेन्सिलीआधी जात कळली त्यांच्याकडे गमवायला होतंच काय? १९७८ च्या ‘बलुतं’पासून ‘उपरा’, ‘अक्करमाशी’, ‘उचल्या’ अशी जी आत्मकथनं आली त्यांनी मराठी वाचकाच्या मनातलं रम्य बालपण मोडीत काढलं, आणि ते फार बरं झालं. हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. त्या मुलांना अजाणपण परवडलं नाही, हे खरं. पण ती निरागस नव्हती असं कोण म्हणेल? उलट दोन शब्दांतला फरक तिथेच लख्ख दिसतो.

बाबासाहेबांनी लिहून ठेवलेली १९०१ ची आठवण घ्या. कादंबरी नाही ती, पण वयात येण्याच्या कथेचा इतका चोख नमुना कादंबरीकारालाही क्वचित साधतो. साधारण दहा वर्षांचा भीमराव भावाभाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघतो. मसूर स्टेशनवर न्यायला कुणी आलेलं नसतं. पोरांचे चांगले कपडे बघून स्टेशनमास्तर आपुलकीनं चौकशी करतो, तुम्ही कोण? मुलगा क्षणाचाही विचार न करता सांगतो, महार. मास्तर मागे सरतो. मग दुप्पट भाडं देऊन आणि गाडी स्वतः हाकायच्या बोलीवर बैलगाडी मिळते, गाडीवाला बाजूनं चालतो. डबा आहे पण पाणी नाही, म्हणून जेवण नाही. रात्री जकातनाक्यावर पाणी मागायचं असतं. गाडीवाल्यानं सुचवलेलं असतं, तसं तो मुलगा नाकेवाल्याला सांगतो, आम्ही मुसलमान आहोत. चांगल्या उर्दूत सांगतो. तरी पाणी मिळत नाहीच.

आपण अस्पृश्य आहोत हे त्या मुलाला घरातून निघण्यापूर्वी माहीत होतं. शाळेत वेगळं बसावं लागतं, वेगळं गोणपाट असतं, हे रोजचं होतं. म्हणजे अजाणपण तेव्हाही नव्हतं. त्या प्रवासात काय बदललं? संध्याकाळी त्यानं विचार न करता खरं सांगितलं आणि रात्री विचार करून खोटं सांगितलं. स्टेशन ते जकातनाका या अंतरात एका मुलाला खोटं बोलायला भाग पाडलं गेलं. इथे हरवणं नाही, हिरावणंसुद्धा पुरेसं नाही. इथे एका समाजानं आपला अपराध मुलाच्या जिभेवर ठेवला. ‘गमवायला होतंच काय’ म्हणणारा आक्षेप या जागेवर पोहोचत नाही, कारण तोही निरागसता म्हणजे माहितीचा अभाव असंच धरून चालतो. नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’त (२०१३) जब्या काळ्या चिमणीमागे धावतो म्हणून आपण त्याला भाबडा म्हणतो. त्याला गावातली आपली जागा नीट माहीत आहे, म्हणून तर तो शाळेतल्या पोरांपासून, त्याला आवडणाऱ्या शालूपासून लपत राहतो. शेवटी भिरकावलेला दगड हे त्याला काही नवीन कळल्याचं चिन्ह नाही. त्यानं स्वतः काहीतरी करायचं ठरवलं, एवढंच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. मुलाच्या हातून घडणाऱ्या अपराधाला एवढं मध्यवर्ती केलं तर ज्या मुलांवर अत्याचार झाला त्यांचं काय? ती तर आधीच स्वतःला दोषी समजत असतात. खरं आहे, समजतात. आणि तसं समजायला त्यांना आपलीच भाषा शिकवते. अत्याचाराच्या बातमीत ‘चिमुरडीची निरागसता हिरावली’ असं छापून येतं तेव्हा वाक्याचा अर्थ काय निघतो? गुन्हा दुसऱ्याचा आणि निरागसपण गेलं तिचं. ‘अब्रू गेली’चाच हा सुधारलेला अवतार. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ मध्ये आला आणि त्यानं मुलाच्या संमतीचा प्रश्नच बाद केला, पण कथांतून आणि बातम्यांतून वाक्यरचना तीच राहिली. त्या मुलीचं अजाणपण गेलं, ते फार क्रूरपणे गेलं. निरागस ती काल होती तशीच आज आहे. हे दोन शब्द वेगळे ठेवले तर अशा मुलीबद्दल लिहिणाऱ्याला निदान पहिलं वाक्य तरी धड लिहिता येईल.

लिहिण्याचा विषय निघालाच आहे, तर बऱ्याच नव्या कथा कुठे फसतात तेही सांगून टाकावं. बालनिवेदकाच्या कथेत तीन पातळ्या असतात: मुलाला दिसतं ते, मुलाला समजतं ते, आणि वाचकाला समजतं ते. कथेची सगळी ताकद शेवटच्या दोन पातळ्यांमधल्या फटीत असते. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’मधला (१९९४) लंपन पाहा. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे, सीमाभागातल्या कानडी वळणाच्या मराठीत तो बोलतो, सगळं त्याला ‘मॅडसारखं’ वाटतं, आणि एखाद्या भावनेपाशी आला की तो भलतेच मोठे आकडे सांगून पुढे सटकतो. दुःख हा शब्द तो वापरत नाही. वाचकाला तो आकड्यांच्या आडून दिसतो. याउलट फसलेल्या कथेत नऊ वर्षांचा निवेदक चौथ्या पानावर ‘माझ्या आत काहीतरी कायमचं तुटलं’ असं म्हणतो. ते वाक्य चाळिशीतल्या लेखकाचं असतं, पोराच्या तोंडी दडपलेलं. फट बुजली, कथा संपली. दुसरी खोड शेवटाची. नायकाच्या हातून काही घडवायचं धाडस होत नाही, म्हणून मग कुणाला तरी मारायचं. आजोबा तरी, कुत्रा तरी, फार तर पतंग फाडायचा. मरण हे फार सोपं साधन आहे, त्यात मुलाला काहीच करावं लागत नाही. मोठ्या माणसानं मागे वळून सांगायचं असेल तर तेही चालतं, साने गुरुजींनी तेच केलं. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना एकेका रात्री आपलं लहानपण सांगतो, आणि त्यात पश्चात्तापाचा सूर मोठ्या श्यामचाच आहे हे उघड असतं. लपवाछपवी नाही, म्हणून खटकत नाही. खटकतं ते मुलाचा आवाज घेऊन मोठ्याचा निवाडा देणं.

हीच मोजपट्टी घेऊन मराठी कादंबरीतल्या मुलींकडे वळलं की पंचाईत होते. मुलगा चोरी करतो, खोटं बोलतो, घरच्यांपासून काय काय लपवतो आणि त्यातून मोठा होतो. ‘शाळा’चा नायक जोशी त्याला आवडणाऱ्या शिरोडकर या मुलीसाठी जे जे करतो ते आपण त्याच्याकडून ऐकतो. शिरोडकर शेवटी त्याच्या जगातून निघून जाते आणि तिची बाजू पुस्तकाबाहेरच राहते. तो कादंबरीचा दोष नाही, निवेदकच चौदा वर्षांचा मुलगा आहे. पण तिची बाजू सांगणारं दुसरं पुस्तक त्याच फळीवर कुठे आहे? भाषेतही पाहा. मुलगा शहाणा झाला म्हणजे त्याला अक्कल आली आणि मुलगी ‘शहाणी झाली’ म्हणजे तिला पाळी आली. तिच्या शहाणपणात तिच्या करण्याचा काही संबंधच नाही. यमूपासून आपल्या बहुतेक कथांतल्या मुली सोसून मोठ्या होतात. चूक करून, ती कबूल करून किंवा न करता मोठ्या होणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात. मुलींना कायम निरागस ठेवणं हाही त्यांना गप्प ठेवण्याचाच एक प्रकार आहे.

१९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजी चोरी करणाऱ्या, पोहायला घाबरणाऱ्या, हट्टी श्यामबद्दल लिहीत होते. ते पुस्तक त्यांच्याच नावानं आलं आणि घराघरात गेलं. त्याच वर्षी शिकलेल्या, अविवाहित तरुण मुलींच्या मनातल्या इच्छा मोकळेपणी सांगणारं ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. त्यावर गदारोळ झाला आणि ही विभावरी शिरूरकर नेमकी कोण याचा शोध सुरू झाला. ते लिहिणाऱ्या बाळूताई खरे यांनी स्वतःचं नाव त्या पुस्तकावर घातलेलं नव्हतं.